गाऱ्हाण्याचा कापलेला शेवट

माझे सासरे गुरुदास, मी त्यांना मामा म्हणते. कसालजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं तेच देवळात गाऱ्हाणं घालतात. गावाच्या वतीने देवाला हाक मारायची, काय हवंनको ते त्याच्या कानावर घालायचं, आणि जमलेल्यांनी मागून 'होय म्हाराजा' म्हणायचं. पोटासाठी त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. घसा असा, की मालवण गाडी सुटली हे पलीकडच्या वाडीत कळायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याचं हसू यायचं. एवढं ओरडायला देव काय बहिरा आहे?

तोच घसा माझ्या नणंदेत, अक्षयात उतरला. अकरा वर्षं ती पुण्यात मेटल बँडमध्ये गात होती. गाणं कसलं, डरकाळ्याच त्या. नातेवाईक तोंडावर कौतुक करायचे आणि पाठ वळली की नाकं मुरडायचे. मामा मात्र मोबाइल कानाशी धरून अख्खं गाणं ऐकत आणि म्हणत, "पोटासून येता तिचो आवाज. खोटो नाय."

यंदा तिने बँड सोडून एकटीचा पहिला अल्बम केला. त्यात ओरडणं जवळजवळ नाहीच. व्हायोलिन, चेलो, मोठा कोरस, मोठ्या पडद्यावरच्या सिनेमाला असतं तसलं संगीत आणि त्यावर तिचा साधा, उघडा आवाज. शेवटच्या गाण्यात तिला बापाचं गाऱ्हाणं हवं होतं. मार्चमध्ये ती माइक घेऊन आली. मामांनी चपला काढून, अंगणात उभं राहून खरंखुरं गाऱ्हाणं घातलं. खोटं घालता येतच नाही म्हणाले. मी चहा गाळत होते, लक्षही दिलं नाही.

अल्बम शुक्रवारी बाहेर पडायचा होता. बुधवारी दुपारी तिने घरी येऊन तो आम्हाला ऐकवला. शेवटच्या गाण्यात मामांची हाक आली, 'बा देवा म्हाराजा', आणि माझ्या अंगावर काटा आला. मग सगळी व्हायोलिनं एकदम उठली, चढत गेली, आणि गाणं संपलं.

"फुडचा?" मामांनी विचारलं.

"ता काढलंय, बाबानू. तुमच्या हाकेवरच संपवलंय. फुडे शब्द ठेवले असते तर तेची ताकद गेली असती."

"बरा केलंस," मामा म्हणाले.

तिची गाडी वळणाआड गेली आणि मामा ओटीच्या खांबाला धरून खाली बसले. मी पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "संचिता, देवाक हाक मारली आणि 'चुकला-माकला पदरात घे, लेकरांका राख' ह्या गाण्यात ऱ्हवलाच नाय. जो कोण ता गाणा लावतलो, थंय तो येतलो. उभो ऱ्हवतलो. तेका कोण काय सांगूचा नाय."

"मामा, ता नुसता रेकॉर्डिंग आसा."

"हाक माझी आसा मा? मगे जाब तो माझ्या रक्ताक विचारतलो. अक्षयाक."

मी म्हटलं, फोन करते, गाणं काढायला सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. "अकरा वर्सा त्या चेडवान लोकांची बोलणी खाल्ल्यान. तेका कळता नये. माझी शपथ आसा तुका."

शनिवारी सकाळी त्यांनी विचारलं, किती जणांनी ऐकलं. मी मूर्ख, मोबाइल बघून सांगितलं, चारशे बारा. त्यांनी चपला काढल्या, अंगणात उभे राहिले आणि तो कापलेला शेवट चारशे बारा वेळा म्हटला. रविवारी नऊशे. मंगळवारी अक्षयाचा फोन आला, आनंदाने हसत होती. "वहिनी, फिनलंडमधले लोक बाबांचो आवाज आयकतत गो. बाबा मागे काय म्हणतत?"

"गाऱ्हाणा घालतत," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

"गावासाठी."

गुरुवारी अक्षयाचा घसा बसला. नुसती सर्दी होती, तिनेच सांगितलं. पण मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानंतर ते जेवायलाही नीट बसेनात. आकडा पळत होता आणि ते मागे पडत होते. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाखाली भीती होती, ती कोणाला सांगणार?

बाराव्या दिवशी मामांच्या थुंकीत रक्त आलं. कुडाळच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि मला बाजूला घेतलं. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल, आणि एक गाठ दिसतेय, ती तपासावी लागेल. घरी आलो. मामांनी अंगणात जाऊन चपला काढल्या आणि फाटक्या आवाजात विचारलं, "आज किती?"

मी मोबाइल बघितला. एकतीस हजार. बघता बघता आणखी वाढले.

"मामा, थांबला ता," मी म्हटलं. "चार दिवस कोणीच लावूक नाय. लोकांका कंटाळो इलो. तुमचा सगळा म्हणान झाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडली गेले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अक्षयाक वायट वाटात. तिका सांग, बापाशीक आवडला." आत गेले आणि किती दिवसांनी दुपारचे झोपले.

मी अंगणातच उभी राहिले. मीही चपला काढल्या. त्यांना मी थांबवलं, म्हणजे आता जाब मलाच.

भाकऱ्या थापताना म्हणते. धुणं वाळत घालताना म्हणते. चुकला-माकला पदरात घे, लेकरांका राख. मामा पलीकडच्या खोलीत असतात म्हणून ओठ हलवूनच. काल अक्षयाचा मेसेज आला, एक लाख झाले. मी तिला मोबाइलवरच फुलं पाठवली. माझे अजून सहा हजारही झालेले नाहीत.