रिकाम्या पलंगाचं भाडं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. २००६ साली, नवरात्रातल्या अष्टमीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, वर्धा स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. ती एका अर्जावर सही करायला वाकली होती आणि तिच्या हातातलं पेन काढून घेण्यात आलं. कोणी घेतलं ते लपवणार नाही. पण आधी कंपनीचं सांगतो, कारण आधी कंपनीचं सांगायची मला सवय आहे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, बरीच वर्षं आष्टीला, मग आर्वीला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हा इथला विषय नाही. त्या वर्षी ती निवृत्त झाली, पिपरी मेघेला आमच्या घरी राहायला आली आणि एका रविवारी चहा पिताना म्हणाली, "मले बोटीत बसाचं हाय."

आम्हाला वाटलं, तलावातली बोट. तिनं पेपरच्या पुरवणीतून कापलेला कागद काढला. त्यावर दोन जाहिराती होत्या. एक मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची: तीन रात्री, हजारावर माणसं, पोहायचा तलाव, नाचगाणी. दुसरी ब्रह्मपुत्रेवरच्या लहान बोटीची: सात रात्री, बारा खोल्या, चोवीसच प्रवासी. एका रात्रीचा हिशेब केला तर लहान बोट मोठीच्या दुपटीहून महाग. आत्याने कागदाची घडी अशी घातली होती की मोठं जहाज मागं जाईल.

बाबांचं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान. त्यांना हे पटेना. "मोठी बोट म्हंजे एसटी, लहान बोट म्हंजे काळी-पिवळी. काळी-पिवळीले एसटीच्या दुप्पट पैशे कोन देते वो ताई?"

"काळी-पिवळीत किती बसवते ते मोजलं काय कधी?" आत्या म्हणाली. "ड्रायव्हरच्या मांडीवर बी एक असते. इथं चोवीस म्हंजे चोवीस."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं काढत होतो. गॅस सिलिंडरचं वजन, वह्या अमुकच दुकानातून घ्यायची शाळेची सक्ती, बियाण्यांच्या पाकिटावरची छपाई, असले विषय. छापील कागद हातात आला की मी तो उलटा करून मागची बाजू आधी वाचायचो. पुढच्या बाजूला लबाडी करायला जागा नसते, सगळी जागा फोटोंनी भरलेली असते. आत्याने विचारलं, "तू चालतं काय संगं? कागद वाचाले?" मी एका पायावर तयार झालो.

अष्टमीला त्या हॉटेलच्या हॉलमध्ये बोटीच्या कंपनीने माहिती द्यायला पडदा लावला होता. उपासाचे दिवस म्हणून साबुदाण्याची खिचडी ठेवली होती, फुकट. फुकटच्या खिचडीचे पैसे कोण देतं, हे मी आत्याच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "खाऊ दे ना बाबू, गरम हाय." पडद्यावर एक गोरं जोडपं हातात ग्लास घेऊन सूर्यास्त पाहत होतं. बोटीवर आमच्यासारखं कोणी बसलेलं एकाही फोटोत नव्हतं. टाय लावलेला पोरगा बोलत होता: खाजगी अनुभव, आपल्या आवडीनिवडी ओळखणारा स्टाफ, आलिशान. मी वहीत लिहून घेत होतो. आलिशान म्हणजे नेमकं काय? गादी किती इंची? स्टाफ किती? पाणी कुठलं?

आणि मागच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात मला तो तारा, म्हणजे * खुणेची अट सापडली. "दर प्रतिव्यक्ती, एका खोलीत दोन व्यक्ती धरून. एकट्या प्रवाशास पावणेदोन पट."

मी उभा राहिलो. "हे काय आहे?"

"सर, खोली तर दोघांचीच असते ना," पोरगा म्हणाला. "मॅडम अकेल्या जाणार, तर दुसरा बेड खाली जाते. त्याचा चार्ज लागते."

"म्हणजे एकटी बाई असली की तिनं रिकाम्या पलंगाचं भाडं भरायचं?"

मागच्या खुर्च्यांवरचे लोक वळून पाहायला लागले. मला ते आवडत होतं, हे आज लिहितो. आत्या मात्र पोराकडे पाहत होती. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे खोलीत मी एकटीच ना? दुसरं कोनी नाई?"

"कोणीच नाही मॅडम."

"मधात कोनाले आनून नाई टाकनार?"

"नाही मॅडम. पक्कं."

"मंग द्या इकडे," ती म्हणाली आणि पेन घेऊन अर्जावर वाकली.

ते पेन मी घेतलं. तिच्या बोटांतून ओढून. "आत्या, थांब. हे लोक तुला लुबाडून राह्यले," असं मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो. आत्याने माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि जिना उतरली. मला वाटलं, तिला पटलं.

पुढचे पंधरा दिवस मी झपाटल्यासारखा होतो. घरी मात्र वेगळीच चर्चा सुरू झाली. आई म्हणाली, "भाडं भरनारच हाय तर खाट खाली कायले नेता? मी येते ना." बाबा म्हणाले, दुकान सोडता येत नाही, नाहीतर मीच. रोहणा गावच्या मावशीचा फोन आला की तिला आसामात कामाख्येला जायचंच होतं. आमच्याकडे जागा रिकामी ठेवणं हा गुन्हाच समजतात, एसटीत रुमाल टाकून धरलेली सीटसुद्धा कोणीतरी रुमाल उचलून बसतोच. आत्या कोणालाच हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती भाजी निवडत राहायची.

मी पत्रक काढलं. गुलाबी कागद, अर्ध्या पानाचं, झेरॉक्स. "रिकाम्या पलंगाचे भाडे का?" खाली तीन मागण्या: तारा पहिल्या पानावर छापा, एकट्या महिलेकडून जादा दर घेणे बंद करा, जोडीदार प्रवासी मिळवून देण्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. तिसरी मागणी मी फार विचार न करता लिहिली. दोन मागण्यांचं पत्रक लंगडं दिसतं.

ते मी वर्ध्याच्या बसस्टँडवर वाटलं, आणि कसल्या खुमखुमीत कोण जाणे, आष्टीच्या बाजारातही नेलं. तिथून धरण जवळ, म्हणून एकानं विचारलं, "धरनावर बोट चालू झाली काय?" मिरच्या विकणाऱ्या एका बाईने आपल्या पोरीकडून पत्रक पूर्ण वाचून घेतलं. मग मला म्हणाली, "सात दिवस? खोलीत एकटीच?"

"हो ना. आणि वरून जास्त पैसे."

"नशीबवान बाई हाय," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मिरच्या तोलू लागली.

मला राग आला. एवढं सोपं लिहूनही लोकांना मुद्दा कळत नाही, असं मी परतीच्या एसटीत स्वतःशी म्हणत होतो.

दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, खास बाब म्हणून, आत्याला साध्या दरात घेण्यात येत आहे. नागपूरच्या एक महिला प्रवासी त्याच फेरीला येत असून दोघींची एकाच खोलीत व्यवस्था केली आहे. तीन दिवसांत पैसे भरावे. मी आत्याच्या वतीने कंपनीशी बोलणार असं पत्रकातच छापलं होतं, म्हणून पत्रही माझ्याच नावावर. मी त्याच दिवशी जाऊन, आत्याकडून मग घेईन म्हणून, पदरचे पैसे भरले, सही केली, अर्धा किलो पेढे घेतले आणि घरी आलो. जिंकलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कंपनीने माझ्यापुढे मान तुकवली होती.

आत्या मधल्या खोलीत गोधडीची घडी घालत होती. पेढा तिने घेतला नाही. पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"तू मले इचारलं होतं काय?"

"अगं, पण पैसे वाचले ना!"

"पैशे कोनाचे होते?"

ती पलंगावर बसली. आवाज चढवला नाही, वॉर्डातल्या सिस्टरच्या आवाजात बोलली. "आष्टीच्या क्वार्टरात दोन खाटा. एक माही, एक दुसऱ्या सिस्टरची. ती गेली की तिसरी आली. सुट्टीत तू याचा, रातभर माह्या पोटात लाता मारत जाय. ड्युटीवर चाळीस खाटांचा वॉर्ड. आता इथं आली तर हे मधली खोली. मोरीत जानारा हरेक जन माह्या उशापासून जाते. चौतीस वर्षांत मी कडी लावून झोपली नाई, बाबू. मले ते खाली खाटच पाहिजे होती. तिचंच भाडं भरत होती मी."

मी त्या खोलीकडे पाहिलं. तिला दोन दारं होती आणि एकालाही आतून कडी नव्हती. त्या घरात मी सतरा वर्षं राहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मी कंपनीच्या ऑफिसात होतो. अर्ज लिहून नेला होता: आम्हाला जादा दर भरायचा आहे, कृपया भरून घ्यावा. टायवाल्या पोराने अर्ज वाचला. टेबलाच्या काचेखाली माझं गुलाबी पत्रक होतं, आडवं, नीट दिसेल असं.

"सर, तिसरी मागणी तुमचीच तर होती ना," तो म्हणाला. टोमणा मारत नव्हता, खरंच गोंधळला होता. "बाकीच्या अकरा खोल्या भरल्या. आता त्या नागपूरच्या मॅडमले कुठं टाकू?"

"मोठ्या जहाजावर तरी एकटीला खोली मिळेल?"

"तिथं तर चार-चार झोपवतात सर."

आत्या जानेवारीत बोटीच्या प्रवासाला गेली. मी स्टेशनवर तिची बॅग धरून उभा होतो, ती बॅगही तिने गाडी आल्यावर माझ्याकडून घेतली.

परत आल्यावर मी तिला विचारलं ते ग्राहक म्हणूनच, दुसरं काही विचारायची हिंमत नव्हती. लहान बोटीला इतके पैसे द्यावेत का? तिनं मला नीट उत्तर दिलं, म्हणून इथेही नीट देतो. फोटोतली बाल्कनी म्हणजे खिडकी होती. आलिशान म्हणजे पितळी दिवे आणि वेताच्या खुर्च्या. जेवणाला नावं जड आणि भाजी पातळ. गोरं जोडपं मात्र खरंच होतं, दोन होती. पण बोट लहान म्हणून संध्याकाळी वाळूच्या बेटाला टेकायची, फळी टाकली की माणूस थेट वाळूत. रांग कशालाच नाही. आमच्या शेजारचे दुकानदार मोठ्या जहाजाने गोव्याला जाऊन आले होते, ते नाश्त्याची रांग लग्नातल्या बुफेपेक्षा मोठी असल्याचं सांगत होते. इथे दुसऱ्या दिवसापासून तिला न सांगता बिनसाखरेचा चहा यायचा. आणि बोटीच्या पुढच्या टोकाला एक माणूस लांब बांबू पाण्यात टाकून खोली मोजायचा आणि ओरडून सांगायचा. ते पाहायला ती तासन् तास बसायची. "काही जागी पानी बांबूभर नाई. मोठं जहाज तिथं फसलं असतं. त्या बांबूचे पैशे वाजवी हाय," ती म्हणाली.

म्हणजे जादा पैशांतले अर्धे खरे, अर्धे पितळी दिव्यांचे. माझा संशय अर्धा बरोबर निघाला.

"आणि खोली?"

"बाई चांगली होती. चिवडा आनला होता. पोरीच्या लग्नाचं बोलत राहे दोन-दोन वाजेपर्यंत, आन् एसी फुल." मग म्हणाली, "सकाळी साडेपाचले मी वर जाऊन बसत जाओ. सातले बाकीचे येत. तेवढी बोट माही होती."

सात दिवस, रोज दीड तास.

वाचलेले पैसे तिच्या पोस्टातल्या खात्यात आहेत. घरात त्यांच्यावर तीन जणांचा डोळा आहे: बाबांना गच्चीवर टिनाचं शेड टाकायचं आहे, आईला मिक्सर, आणि रोहण्याची मावशी अजून कामाख्येचं विसरलेली नाही. यंदाच्या हंगामाचं माहितीपत्रक मी मागवलं. तारा अजून मागच्याच पानावर आहे, अक्षर तेवढंच. दर वाढला आहे. मी त्यातल्या अर्जाला पेन जोडून ते आत्याच्या उशाशी ठेवलं आणि मधल्या खोलीच्या दोन्ही दारांना आतून कड्या बसवल्या. बाबा म्हणाले, "आता मोरीत जाचं कसं?" मी म्हटलं, मागून फिरून जा. अर्जावर तिने अजून सही केलेली नाही. परवा विचारायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

हे वाचणाऱ्या तुमच्याही घरात अशी बाई आहे. मधल्या खोलीत झोपणारी, जिच्या उशापासून सगळे जातात. ती कुठे जायचं म्हणेल तेव्हा मागच्या पानावरचा तारा तिला मोठ्याने वाचून दाखवा, एकही अक्षर न गाळता. मग तिला विचारा की तुला काय पाहिजे, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. पैसे तिचे असतील तर महाग आहे म्हणू नका. रिकाम्या पलंगावर झोपायला कोणी निघालं तर त्याला दारातून परत पाठवा. आणि ती सही करायला वाकली, की तुमचे दोन्ही हात खिशात ठेवा.