जावयाच्या आवाजातला फोन

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जावयावर होता. तिथंच गणित चुकलं म्हणा!

मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. धाकटी बहीण रंजू सिंदेवाहीजवळच्या खेड्यात दिलेली. या हिवाळ्यात ती पिवळी पडली, लघवी कोऱ्या चहासारखी. आमच्याकडे रक्त कमी झालं की लोक आधी ‘सिकल’च म्हणतात — म्हणजे आईबापाकडून आलेला आजार. सासरच्यांनी तपासणीची वाटसुद्धा पाहिली नाही. जावई दिनकर तिला माझ्या दारात सोडून म्हणाला, "सिकलवाली पोरगी लपवून देल्ली तुमी. फसवलं आमाले."

त्यावर मी काय म्हणालो? "सावकाश जा, जावईबापू." असा मी शूर!

चंद्रपूरच्या दवाखान्यात भलतंच. रंजूचं रक्त नळीत गोठल्यासारखं व्हायचं. मशीन रिपोर्ट देईना, रक्तगट जुळेना, म्हणून रक्त चढवता येईना. पोरगी डोळ्यांदेखत विझत चाललेली... तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर दिनकरचं नाव.

"भाऊ, तिचं रक्त थंड नोका होऊ देऊ. कोमट पाण्यात धरा. थंडी सोसत नाई तिले... धानाच्या रोवणीत, गार चिखलात बोटं निळे पडत तिचे."

मी लॅबवालीला तसंच सांगितलं. ती हसली, पण नळी कोमट पाण्यात धरली — आणि गाठी विरघळल्या! मग तपासण्या झाल्या. सिकल नाहीच. आजार जन्माचाही नव्हे. थंडी लागली की तिचंच शरीर तिच्याच लाल पेशी मारत होतं. उपचार सुरू झाले, रंजू वाचली.

मी पेढे घेऊन आभार मानायला सिंदेवाहीकडे गेलो.

दिनकर म्हणाला, "मी काऊन फोन करू? तुमचा नंबर कवाचाच ब्लॉक हाय." रिपोर्ट पुढे केला तर म्हणे, "कागद का, कोणीबी आणते." पेढे मात्र ठेवून घेतले.

तिथंच मी माझा फोन उघडून पाहिला. त्या दिवशी त्याचाच काय, कुणाचाच कॉल नव्हता. लॅबवालीला मात्र पक्कं आठवतं, मी "हो जावईबापू, हो" म्हणत होतो. मग तो कोण होता? डोकं खाजवून टक्कल वाढलं.

घरी रंजू पायमोजे चढवत बसलेली. त्या फोनचं मी तिला दवाखान्यातच सांगितलं होतं. "न्यायले येतो म्हनले का ते?"

"पेढे ठेवून घेतले," मी म्हणालो.

"माह्या बोटाइचं ध्यानात ठेवलं ना पण त्याइनं," ती म्हणाली... आणि किती दिवसांनी हसली.

तिला गार लागू नये म्हणून मी पंखा बंद करायला उठलो. पंखा बंदच होता.