गोल्फचं घड्याळ आणि बाथरूमची कडी

आमच्या घरात बाथरूमला आतून कडी लावायची नाही, असा कायदा मी गेल्या दिवाळीनंतर केला. नुसता केला नाही, सुताराला बोलावून कडीच काढून टाकली. त्याआधी एका सकाळी हे आंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी हाका मारल्या, दार बडवलं. आतून फक्त नळाचा आवाज. शेजाऱ्यांनी दार तोडलं तेव्हा हे भिंतीला टेकून बसलेले, घामानं डबडबलेले, आणि मला म्हणतात काय, तर नळ बंद कर, पाणी वाया चाललंय. पुढं दवाखाना, दोन स्टेंट, गोळ्यांचा डबा. हे वाचले. मी मात्र अजून त्या बंद दाराबाहेरच उभी आहे असं मला अधूनमधून वाटतं.

आजारातून उठल्यावर ह्यांना एक नवीनच सवय लागली. आंघोळ करताना मोठ्यानं गायची. जन्मात कधी सूर लागला नाही, पण एकच ओळ, तीही अर्धी, तांब्या रिकामा होईपर्यंत चालायची. मरणाच्या दारातून परत आलं की माणसाला कंठ फुटत असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ह्यांना चालण्याचा मनापासून कंटाळा. पुंडलिकनगरच्या गल्लीत दोन चकरा झाल्या की कुणीतरी ओळखीचं भेटायचं आणि चालणं त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. न कुरकुरता हे चालायचे ते एकाच ठिकाणी, गोल्फच्या मैदानावर. शेंद्र्याच्या कंपनीत असताना परदेशी पाहुण्यांना खेळायला न्यायचं काम ह्यांच्याकडं होतं. पाहुणे आपापल्या देशी गेले, खूळ ह्यांच्याकडं राहिलं. करमाडला शेती बघणाऱ्या आमच्या थोरल्या दिरांना याची भारी मौज वाटते. रानातच फिरायचं होतं तर आपलं रान काय वाईट होतं, असं ते दर सणाला विचारतात आणि हे दर सणाला हसतात.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, खेळा, पण दमू नका, उन्हात थांबू नका. ह्यांचा चेहरा उजळला. छावणीकडचं ते मैदान मी एकदा पाहिलं होतं. लांबच्या लांब पसरलेलं, मधे झाडं, सकाळी चिटपाखरू नाही. जोडीला एक निवृत्त फौजी मित्र, स्वतः सत्तरीचे आणि ऐकायला कमी. हे पडले तर त्यांना आवाज जाणार नव्हता. इतकी मोठी जागा, पण माझ्या लेखी ती पुन्हा आतून कडी लावलेली बाथरूमच होती. मी साफ नको म्हणाले.

शेवटी पुण्याहून लेकीनं मधला मार्ग काढला. बाबांना स्मार्टवॉच घेऊन दे, म्हणाली. खेळणाऱ्यांसाठीही असतात, त्यांचं काम होईल आणि तुझंही. मग मी चष्मा लावून रात्रंदिवस त्या घड्याळांची माहिती वाचायला लागले. जितकं वाचलं तितकी धास्ती वाढली. एकाची बॅटरी खेळ संपायच्या आत संपते म्हणे. दुसरं उन्हात दिसतच नाही. तिसऱ्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं की ते नाडी चुकीची दाखवतं, आणि चुकीची म्हणजे किती चुकीची हे लिहायचं मात्र तो गृहस्थ विसरला होता. ह्यांनी यातलं काहीच वाचलं नाही. ह्यांना फक्त आपण उभे आहोत तिथून ग्रीन, म्हणजे बॉल घालायचं भोक असलेली हिरवळ, किती लांब, एवढं घड्याळानं सांगायला हवं होतं.

उस्मानपुऱ्यातल्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका होता, पण गोल्फ त्याच्या सात पिढ्यांत कुणी खेळलं नसावं. त्यानं काचेवर दोन घड्याळं ठेवली. पहिलं खास गोल्फचं. पातळ, हलकं, ग्रीनपर्यंतचं अंतर मोठ्या आकड्यात दाखवणारं. त्यात आपलं मैदान आहे का ते आधी बघा, असं हे म्हणाले. शहराचं नवीन नाव टाकलं तर घड्याळ कोरंच. जुनं नाव टाकलं तसं आमचं नऊ होलांचं मैदान हजर झालं. ह्यांनी ते मनगटावर चढवलं, हात खाली सोडला, पुन्हा वर केला, दुकानात जागा नव्हती तरी खांदे वळवून पाहिले. बऱ्याच महिन्यांनी मी ह्यांना तसं बघत होते.

पण ते घड्याळ घरी काहीच कळवत नव्हतं. दुसरं कळवत होतं. जाडजूड होतं, पण हे कुठं आहेत आणि हृदयाचे ठोके किती पडतात, ते सगळं माझ्या फोनवर येणार होतं. गोल्फचं अंतरही दाखवत होतं, जरा बारीक अक्षरात. दुकानदारानं नमुना म्हणून ते माझ्याच हाताला बांधलं. आकडा आला एकशे सोळा.

"मॅडम, सीडियाँ चढके आये क्या?" त्यानं विचारलं. दुकान तळमजल्यावर होतं.

मी दुसरं घ्या म्हणाले. हे हो म्हणाले. इतक्या चटकन हो म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग माझ्या सकाळी अशा सुरू झाल्या. हे स्कूटर काढून फाटकाबाहेर पडले की मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. नकाशावर एक निळा ठिपका, त्याखाली ठोक्यांचा आकडा. पोळी लाटताना एक डोळा तिकडं. आकडा वाढला की फोन लावायची, काय झालं म्हणून. कधी बॉल झुडपात गेलेला असायचा, कधी फौजी मित्र जिंकलेले असायचे. घरी आल्यावरही मी सोडत नव्हते. सात वाजता एवढे ठोके का पडले, सव्वासातला का थांबला होतात? हे मुकाट्यानं उत्तरं द्यायचे. खेळ कसा झाला, हे विचारायचं मला सुचत नव्हतं. मला वाटायचं, आता सगळं माझ्या हातात आहे.

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. मी कणीक मळत होते. सहज फोनकडं पाहिलं, तर आकडा नव्हता. आकड्याच्या जागी दोन छोट्या रेघा. हात धुवायचंही भान राहिलं नाही, तशीच स्क्रीन पुसत राहिले. फोन लावला, घंटा वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. उचलला नाही. आणि मग मला दिसलं की ठिपका हलतोय. हळूहळू, सरळ, फाटकाच्या दिशेनं. नाडी नाही आणि ठिपका चाललाय. ह्यांना कुणीतरी उचलून आणतंय, याशिवाय दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही.

स्कूटी कशी काढली, जालना रोडला कशी लागले, मला आठवत नाही. क्रांती चौकात सिग्नलला थांबले तेव्हा दिसलं की हाताला कणीक वाळून चिकटली आहे आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. लेकीला कळवायचं कसं, करमाडला आधी कुणाला सांगायचं, असले विचार येत होते, आणि ते येतात म्हणून मी स्वतःला शिव्या देत होते. नगर नाक्यापर्यंत मी मनातल्या मनात ह्यांना दवाखान्यातही नेऊन ठेवलं होतं.

मैदानावर पोचले तर हे चालत येत होते. स्वतःच्या पायांनी. टोपी घातलेली, मागे खेळायच्या काठ्यांची चाकांची बॅग ओढत. घड्याळ बॅगेच्या दांडीला बांधलेलं होतं.

मी तिथंच मातीत बसले. फौजी मित्रांनी पाण्याची बाटली आणून दिली आणि शहाण्या माणसासारखे लांब जाऊन उभे राहिले. हे माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांना समजायला वेळ लागला नाही. मनगट वळवताना ते जाड घड्याळ टोचतं, बरेच खेळणारे बॅगेलाच बांधतात, फोन बॅगेच्या खिशात मुका होता, असं सगळं त्यांनी सांगितलं. मी भांडायला लागले. एवढं जिवाचं रान केलं आणि तुम्ही ते दांडीला बांधता?  हे माझ्या हातावरची वाळलेली कणीक नखानं काढत म्हणाले, "बाथरूमची कडी काढलीस, मी काय बोललो नाय. ही एक जागा व्हती, तिथली बी काढलीस. मारायच्या आधी मी बॉलकडं नाय बघत, त्या आकड्याकडं बघतो. आता ही घाबरली असंल, म्हणतो. आन् मग मलाच लई भ्या वाटतं."

मला राग आला. नंतर रडू आलं. राग आधी आला हे खरं आहे.

त्याच आठवड्यात ते पातळ घड्याळ आणलं, अंतर तेवढं सांगणारं. मी दुकानाबाहेरच उभी राहिले, आत गेले असते तर पुन्हा काहीतरी विचारलं असतं. जाड घड्याळाचं काय करायचं, असा प्रश्न होता. "ते तू घाल, आन् ठोके माझ्या फोनवर येऊ देत," हे म्हणाले. मला वाटलं, चिडवतायत. पण ह्यांनी लेकीला फोन लावून, तिला विचारत विचारत, सगळं स्वतः बसवून घेतलं.

पहिल्या सकाळी हे गेले. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर बघण्यासारखं काही नव्हतं. मी चहा टाकला, उतू घालवला, पुन्हा टाकला. ह्या वेळेला तिसरा होल असेल. ह्या वेळेला पाणी प्यायले असतील का? फाटक वाजलं, तर दूधवाला होता. तेवढ्यात फोन वाजला आणि ह्यांचं नाव बघून मी तो झडप घालून उचलला.

"एकशे अठरा झालेत तुझे," हे म्हणाले. "काय करतीस?"

"चहा करतेय."

"चहानं एवढे व्हत नसतेत."

 खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. मग हे म्हणाले, घाबरलीस का? मी हो म्हणाले. इतके दिवस मी चिडले होते, ओरडले होते, गोळ्या मोजल्या होत्या, पण हा शब्द काही तोंडातून निघाला नव्हता.

"ठाऊक हाय मला," हे म्हणाले. "मी बाथरूममधी गातो ते काय हौसंनं गातो व्हय? तुला भाईर ऐकू यावं म्हणून गातो."

मी ओट्याला धरून उभी राहिले.  ह्यांनी फोन बंद केला नाही, तसाच खिशात टाकला. कापडाची खसखस ऐकू आली, वाळल्या गवतावरची पावलं ऐकू आली. मग लांबून, बेसूर, तीच अर्धी ओळ सुरू झाली. मी गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि फोन कानाला लावून ऐकत बसले.