पंप कोण चालू करतंय?

खाकी उतरवली तरी नळाला गढूळ पाणी आलं की ती केस आठवते आणि मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका जलशुद्धीकरण केंद्राचा पंप मधेच चालू व्हायचा. गाळ बसायच्या आधीच पाणी टाकीत चढायचं आणि गावभर गढूळ जायचं. केंद्राच्या संगणकात बाहेरून कुणीतरी शिरत होतं. तक्रार आमच्या सायबर शाखेत आली. साहेबांनी परदेशी हॅकर ठरवून टाकला, आणि त्याचा साथीदार म्हणून तिथला कंत्राटी ऑपरेटर. "आज कबुली घे, नाहीतर अटक कर," असा मला हुकूम झाला.

मी चौकशीत कमी बोलायचे. शांतता बऱ्याच जणांना सोसत नाही. केंद्रातच ऑपरेटरला समोर बसवून विचारलं,

"पंपाचं ॲप कुणाकुणाच्या मोबाईलवर आहे?"

"फक्त माझ्या, मॅडम."

"आधीचा मोबाईल?"

"हरवला." त्यानं घाम पुसला.

तेवढ्यात केंद्राच्या संगणकावर पंप चालू झाल्याची खूण आली आणि त्याच वेळी आमच्या उमरग्याकडच्या हवालदारांचा फोन वाजला. "लाईट आली व्हय? मग मोटर टाका की!" ते घरच्यांवर खेकसले.

शेतीच्या विजेची पाळी दर आठवड्याला बदलते. मी पंपाच्या जुन्या वेळा काढल्या. त्याही तशाच बदलत होत्या. परदेशी हॅकर उमरग्याच्या लाईटची वाट कशाला बघेल?

"उमरग्याकडं तुमचं कोण असतं?"

"सासरे," म्हणत ऑपरेटरनं डोकं धरलं.

ऑपरेटरला घेऊन मळ्यात गेले, तर सासरे मोबाईल घेऊनच बसले होते. "जावईबापूंनी दिलाय. लाईट आली की म्या बटन दाबतो, मोटर चालू! लई भारी हाय."

विहिरीवर ऑटो स्टार्टर होता. लाईट आली की मोटर आपोआपच चालू व्हायची. मोबाईलमध्ये केंद्राचं ॲप तसंच राहिलेलं, त्यामुळे यांचं बटन मात्र केंद्राचा पंप चालवत होतं.

ऑपरेटरनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, पंचनाम्यात 'वापरलेला मोबाईल' लिहू नका. म्या नवा म्हणून दिलाय. सासरवाडीत तोंड दाखवता येणार न्हाय."

अटक समोर असताना याला ही काळजी!

सासऱ्यांनी ऐकलं. "लिहा हो, मॅडम. जावईबापूंच्या हळदीचे फोटो हायेत त्यात. पहिल्याच दिवशी बघितले. जावयाला कसं बोलायचं?"

ऑपरेटरची अटक टळली, पासवर्ड बदलला. माणूस गुन्ह्यापेक्षा लाज जास्त जपून लपवतो, हे मला त्या मळ्यात कळलं. पुढं चौकशीत कुणी घाम पुसू लागला, की मी आधी त्याची सासरवाडी विचारायचे.