एवढं एकच बदलतो, मग बास!

अस्लमभाईंच्या सायकलच्या दुकानात पत्र्याचा एक डबा आहे. काढून टाकलेले स्क्रू, वायसर, तुटक्या साखळ्या, सगळं त्यात पडतं. कधीतरी उपयोगी येईल म्हणून साठवायचं आणि डबा रिकामा कधीच करायचा नाही. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. परवा शेटेअण्णांच्या मुलीच्या साखरपुड्यात एकानं एक किस्सा काढला, दुसऱ्यानं दुसरा, आणि पंगत उठून पुढची पंगत बसायची वेळ आली तरी आम्ही पानांवरून हलेना! शेवटी यजमान असून अण्णाच म्हणाले, "ताई, हे लिहून काढा की एकदा. पाहुण्यांना जेवायला जागा तरी हुईल."

म्हणून लिहितेय.

आम्ही म्हणजे रविवारी सकाळी डोंगरात सायकली घालणारी कोल्हापूरची मंडळी. माझं चष्म्यांचं दुकान आहे. पाटील सर पेठ वडगावच्या शाळेत पी.टी. शिकवतात, एकेकाळचे पैलवान. शेटेअण्णांचं जयसिंगपुरात कापडदुकान. सुन्या गवळी आमच्यात सगळ्यात तरुण. घरच्या म्हशींचं दूध घालतो आणि उरलेला दिवस सायकल पुसतो. अस्लमभाई शाहूपुरीत सायकली विकतात, दुरुस्त करतात आणि आम्हाला सहन करतात.

आम्हाला सगळ्यांना एकच रोग आहे. माउंटन बाईक घेतली की पहिले काही दिवस बरे जातात. मग माणूस दुकानात येतो, इकडंतिकडं बघतो आणि हळूच म्हणतो, "एवढं एकच बदलतो, मग बास." हे वाक्य कानावर पडलं की अस्लमभाई चहा सांगतात. पेशंट आला, हे त्यांना कळलेलं असतं.

ह्या रोगावर सगळ्यात जास्त राग होता सुन्याच्या वडिलांचा, आप्पांचा. दावणीच्या शेजारी ती सायकल उभी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "म्हशीला पेंड सांगितली की इसरतोय, आणि सायकलीला त्याल रोज!" ही सायकल एक दिवस भंगारात जाणार, असं ते सगळ्या गल्लीला सांगत असत, आणि आप्पा बोलले की करतात. सुन्याचा जीव टांगणीला होता.

*

अस्लमभाईंची एक पद्धत आहे. भाग कुठलाही मागा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पावणं, चालवणार कुठं?"

कारण त्यांच्या मते सायकलवाल्यांच्या तीनच जाती. चढाचे, उताराचे आणि मिसळीचे. चढाच्याला हलकी सायकल आणि सोपे गिअर द्यायचे. उताराच्याला जाड टायर, दणकट ब्रेक, पुढं-मागं सस्पेन्शन. मिसळीच्याला चांगलं स्टँड दिलं की झालं!

एकदा एक पाहुणे आले. इंटरनेटवर सगळं वाचून आलेले. मोठं डबल सस्पेन्शन पाहिजे, चार पिस्टनचे ब्रेक पाहिजेत, दरीत उडी मारायला लागतात तसले टायर पाहिजेत.

"चालवणार कुठं?"

"रंकाळ्याला. चक्कर मारायला."

अस्लमभाईंनी त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. "पावणं, तळ्याभवती मारणार का तळ्यात?"

*

शेटेअण्णा चढाचे. जोतिबाच्या डोंगरावर सगळ्यांच्या आधी पोचायचं, हे त्यांचं स्वप्न. म्हणून त्यांनी सायकल हलकी करायला घेतली. हँडल कार्बनचं, सीटखालची दांडी कार्बनची, बाटलीच्या स्टँडचे स्क्रूसुद्धा ॲल्युमिनियमचे. दरवेळी "एवढं एकच, मग बास." शेवटी सायकल एका बोटानं उचलून दाखवायला लागले. गिऱ्हाइकाला साडी दाखवताना मध्येच थांबून फोटो दाखवायचे.

मग आम्ही जोतिबाला गेलो. अण्णा शेवटचे आले! घामानं निथळत, तोंडातून शब्द फुटेना.

पाटील सरांनी त्यांच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली आणि स्वतःच वाकले. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंगाची भली मोठी पिशवी, काकड्या, बाटलीभर ताक आणि वर बेसनाचे लाडू.

अण्णांनी तिथूनच बायकोला फोन लावला, स्पीकरवर. "अगं, केवढं भरलंयस हे!"

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलासा न्हवं, सायकल हलकी झालीया म्हणून? मग म्हटलं, आता झेपंल तुमाला."

लाडू मात्र उत्तम होते.

*

पाटील सरांनी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बदलला. हवेचा फोर्क. माणसाच्या वजनाप्रमाणं पंपानं त्यात हवा भरायची असते, म्हणजे खड्ड्यात तो बेतानं दबतो आणि परत वर येतो. अस्लमभाईंनी पंप लावला आणि विचारलं, "सर, वजन?"

दुकानात त्या वेळी सरांच्या तालमीतला जुना जोडीदार बसला होता. सरांनी छाती पुढं काढून एक आकडा सांगितला. जोडीदार मिशीत हसला.

अस्लमभाईंनी सांगितल्याप्रमाणं हवा भरली. सर ऐटीत बसले. फोर्क जो खाली गेला, तो तळाला टेकला आणि तिथंच राहिला! सर पुढं वाकलेले, जणू सायकलच देवाला नमस्कार घालतेय.

अस्लमभाईंनी परत पंप हातात घेतला आणि आदबीनं विचारलं, "सर, हे वजन कुठल्या सालचं?"

*

आता माझं. मी ड्रॉपर बसवला. म्हणजे हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली जाते, जरा उठून परत दाबलं की वर येते. उतारावर सीट खाली असली की तोल चांगला राहतो. पण मी बुटकी, मला त्याचा खरा उपयोग सिग्नलला. बटण दाबायचं, सीटसकट खाली जायचं, दोन्ही पाय जमिनीवर!

एका सिग्नलला मी अशी खाली गेले. समोर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदारांनी डोळे चोळले. हिरवा दिवा लागला, मी बटण दाबून वर आले. त्यांनी हात आडवा केला. माझ्यामागं रिक्षा, टेम्पो, एक उसाचा ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवायला लागले. मला वाटलं, आता काय गुन्हा झाला बाई!

हवालदार जवळ आले, सायकलभोवती एक फेरी मारली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, परत एकदा करा की."

केलं. टाळ्या टेम्पोवाल्यानं वाजवल्या.

*

आता सुन्याकडं वळते, कारण खरी गंमत तिथं आहे.

सुन्यानं टायर ट्यूबलेस केले. त्यात ट्यूब नसते, पांढरं पातळ औषध ओततात. काटा लागला की तेच भोक बुजवतं. कळंब्याच्या पाणंदीत त्याच्या टायरात चांगला लांब खिळा घुसला. सुन्यानं तो उपसला, आणि पांढरी चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर! तेवढ्यात बांधावरून जाणारा एक माणूस थांबला. तो निघाला आप्पांचं दुधाचं गिऱ्हाईक.

दुपारपर्यंत गल्लीत बातमी. "गवळ्याचा सुन्या टायरात दूध भरतोय!"

आप्पा गोठ्यात उभे राहून ओरडत होते, "तरीच! तरीच बिजलीचं दूध कमी व्हायलंय!" बिजली म्हणजे त्यांची लाडकी म्हैस.

सुन्यानं औषधाची बाटली आणून पुढं धरली. आप्पांनी थोडं तळव्यावर घेतलं, वास घेतला, दोन बोटांत चोळलं आणि निकाल दिला. "म्हशीचं न्हाय ह्ये. गाईचं असंल."

हसून हसून आमची पोटं दुखली, पण आप्पा हसले नाहीत. दिवाळीचा पाडवा जवळ आला होता. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, आणि मालकानं मोटरसायकलचा सायलेन्सर काढून पुढं पळायचं. म्हैस आपल्या धन्याचा आवाज ओळखून गर्दीतून त्याच्यामागं धावते. आप्पांच्या वडिलांच्या म्हशी अशा पळायच्या की लोक नावं घेत. बिजली मात्र नावापुरती बिजली. दरवर्षी मधोमध उभी राहून रवंथ करायची.

"सायकलीमागं एवढा पळतोयस," आप्पा म्हणाले, "ह्या पाडव्याला बिजली तुझ्यामागं पळवून दाव. पळाली तर सायकल ऱ्हाईल. न्हायतर भाऊबीजेला भंगारवाला."

*

सुन्या दुकानात आला तो पडक्या चेहऱ्यानं. त्याच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो गोल भाग, खराब झाला होता. "भाई, भंगारातच जायची हाय, पण चांगली होऊन तरी जाऊ दे. एवढं एकच बदलतो, मग बास."

अस्लमभाईंनी उताराचा गडी म्हणून त्याला दणकट हब बसवला. हा हब लई बोलका. पायडल थांबवून नुसती सायकल सोडली की टर्रर्र असा आवाज काढतो की कुत्री बाजूला होतात.

सुन्या घराजवळच्या उतारानं सायकल सोडून टर्रर्र करत खाली आला. बिजलीनं रवंथ थांबवली. कान टवकारले. मग खुंटा उपटला आणि निघाली त्याच्यामागं! सुन्यानं मागं बघितलं आणि थेट शेणात जाऊन पडला.

त्याच अवतारात तो दुकानात आला. आम्ही नाकाला रुमाल लावून नाचलो.

पण अडचण होती. पायडल मारलं की हबचा आवाज बंद. आवाज बंद की बिजली बंद! उतारावर ठीक, पण पाडव्याचा रस्ता सपाट. सराव करताना सुन्या पायडल मारायचा, बिजली थांबायची आणि कुणाच्यातरी दारातली फुलझाडं खायची.

अण्णा म्हणाले, "सायकल हलकी कर."

अस्लमभाई म्हणाले, "उतार आणा."

पाटील सरांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "सुन्या, तू पायडलला हात लावू नको."

"पाय, सर."

"त्येच. तू नुसता बस. मी ढकलतो."

*

पाडवा. गल्ली गच्च भरलेली. हलगी कडकडत होती, मोटरसायकली धडधडत होत्या, एकेक म्हैस वाऱ्यासारखी पळत होती. आप्पा पांढरेशुभ्र कपडे आणि फेटा घालून ओट्यावर उभे होते. बिजली नवरीसारखी सजलेली. तिच्यापुढं मोटरसायकलऐवजी सायकल बघून पोरं शिट्ट्या मारायला लागली. "सुन्या, घंटी वाजव की!"

सुन्या बसला. पाटील सर शेजारून त्याच्या पाठीला हात लावून पळायला लागले. हब बोलायला लागला, पण हलगीपुढं कुणाला ऐकू येणार? बिजली जागची हलेना. आप्पांनी मान खाली घातली. ते मला बघवेना.

मी हलगीवाल्यांपुढं जाऊन दोन्ही हात वर केले आणि जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले, "थांबवा!"

हलगी थांबली. मोटरसायकली थांबल्या. सुन्यानं मागचं चाक उचललं आणि हातानं जोरात फिरवलं. टर्रर्रर्र!

बिजलीचे कान उभे राहिले.

मग काय! सर पळतायत, सुन्या पाय स्थिर ठेवून बसलाय, हब ओरडतोय आणि मागून मोरपिसं हलवत बिजली! गल्लीनं असा गलका केला की कबुतरं उडाली. पण निम्म्या रस्त्यात सरांचा दम संपला. कमरेवर हात ठेवून ते एका पायरीवर बसले. सुन्यानं घाबरून पायडल मारलं, आवाज गेला, आणि बिजली थांबली. निम्मंच. हे पळाली धरायचं का नाही, कुणाला कळेना.

ओट्यावरून आप्पा अनवाणी पळत आले. "उतर खाली!"

सुन्या उतरला. रडायच्या बेतात होता. आप्पांनी सायकल हिसकावून घेतली. अस्लमभाई पुढं झाले, "आप्पा, आज सणाचं नको..."

आप्पांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, टांग टाकली आणि सीटवर बसून आमच्याकडं डोळे वटारले. "बघत काय ऱ्हायलासा? ढकला की!"

आम्ही सगळे लागलो. मी, अण्णा, अस्लमभाई, सुन्या, आणि पायरीवरून उठून पाटील सरसुद्धा. आप्पा दोन्ही पाय फाकवून, फेट्याचा शेमला उडवत, "ह्योऽऽ बिजलेऽऽ" करत निघाले, आणि बिजली त्यांच्यामागं गल्लीच्या टोकापर्यंत अशी पळाली की मोटरसायकलवाले टाळ्या वाजवायला लागले.

टोकाला आम्ही दमून रस्त्यावरच बसलो. आप्पा सायकलवरून उतरले. बिजलीची मान थोपटली. डोळे पुसले. मग कंबर चोळत सायकलभोवती एक फेरी मारली, सीट अंगठ्यानं दाबून बघितली आणि इकडंतिकडं बघत हळूच अस्लमभाईंच्या जवळ गेले.

"एवढी सीट तेवढी बदलू या. मग बास."