तोंड असलेला तुंबा

सैन्याच्या दवाखान्यात मी नर्स होते आणि कॅप्टन होऊन निवृत्त झाले. नातवंडांना वाटतं, आजी सगळ्यात जास्त घाबरली ती तिथंच. चूक. त्याच्या कितीतरी आधी, पन्नासच्या दशकात, आरमोरीजवळ मामाच्या गावी माझी पोस्टिंग असे, दसरा ते दिवाळी. वय नऊ. रँक तेव्हाही कॅप्टन, फक्त ती मी स्वतःच घेतलेली.

शेजारी लढाईहून परतलेले एक गृहस्थ राहत. ते पोरांना लेफ्ट-राइट शिकवत. तेवढ्या भांडवलावर मी फौज उभी केली. फौजेत शिपाई एकच, मामाची भागी, वय सहा. ती माझा हुकूम मानायची, कारण नाही म्हणता येतं हे तिला अजून कळलं नव्हतं.

सकाळी शेण गोळा करायचं, मग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कवायत, दुपारी म्हशींबरोबर पाण्यात. पोहता मला येत नव्हतं. म्हशीचं शेपूट धरून जायचं, त्यालाच मी पोहणं म्हणत असे. एकदा म्हैस मधेच खाली बसली. नाकातोंडात पाणी जाऊन मी खोकत वर आले आणि भागीला सांगितलं, "मुद्दाम बुडी मारली मी." अक्कल तेव्हाच यायला हवी होती.

गावातली पोरं कमरेला तुंबा बांधून पोहायला शिकत. तुंबा म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा. आमच्याही घरी खुंटीला एक होता. मामा त्यातून धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, प्यायचं पाणी नेत. त्याला वर भोक, भोकात चिंधीचं बूच. पोहायच्या तुंब्याला तोंड नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कॅप्टनला नव्हतं.

दिवाळीला चार दिवस होते. घड्याळ कुणाकडे नव्हतं, पण बैल पाण्यावर आणायची वेळ, म्हणजे चारचा सुमार. तुंबा मी भागीच्या कमरेला बांधला. आधी शिपाई जातो, अशी माझी समजूत.

"मी नाई जात, ताई. तिथी शिंगाड्याच्या वेली हायेत."

"ऑर्डर हाय."

"तू काऊन नाई जात?"

"कॅप्टन मागं असते. फॉरवर्ड!"

ती गेली. दहा-बारा हात तुंबा छान तरंगला. मी पाळीवरून सॅल्यूट ठोकला. तेवढ्यात बूच निघालं. तुंबा गटगट पाणी प्यायला लागला आणि भागीला खाली ओढायला लागला.

मी धावत पाण्यात शिरले. त्या दिवशी मी केलेली तेवढी एकच बरी गोष्ट, आणि तीही वेड्यासारखी. पायाखालची जमीन संपली. भागीचे केस हाताला लागले, ते घट्ट धरले. पाय झाडले तशा वेली पोटऱ्यांना गुंडाळत गेल्या.

पलीकडे कौसल्याबाई डोंग्यात, म्हणजे लाकडाच्या अरुंद होडीत, बसून शिंगाडे तोडत होत्या. ढिवराघरची, मासे धरणाऱ्यांची बाई, उभं आयुष्य पाण्यावर गेलेली.

"काऊन वं पोट्टे, मराले आली का? पाय झाडू नोको!"

"बाई, भागी..."

"तिचं तोंड वर कर. तूबी उताणी हो. मेल्यावानी पड. मी येऊन राह्यली."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं ऐकलं. भागीचं डोकं छातीवर घेतलं आणि पडून राहिले. वेली सैल झाल्या. भागी खोकतही नव्हती.

डोंगा सावकाश आला. बाजूनं ओढलं असतं तर उलटला असता, म्हणून बाईंनी टोक पुढे आणलं आणि भागीला वर घेतलं.

"तू थांब तशीच."

मी आभाळाकडे बघत थांबले. वर बाईंनी भागीला गुडघ्यावर पालथं घातलं असावं. पाठीवरच्या थापा ऐकू येत होत्या. आज तसं करत नाहीत, पण तेव्हा ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की भागीनं रडावं. थापा थांबल्या. मग ती ओकली आणि तिनं भोकाड पसरलं.

मला डोंग्याचं टोक धरायला लावून पाळीवर आणल्यावर बाईंनी तुंबा उलटा केला. पाणी भडभडा बाहेर आलं.

"हा पानी प्याचा हाय वं, कॅप्टन! याले पोहाले लावलं?"

मामाला त्या काही बोलल्या नाहीत. शिक्षा वेगळी होती. चार दिवस, रोज सकाळी, गुडघाभर पाण्यात नुसतं उताणं पडायचं. "आधी पडाले शीक. पोहनं मंग." आत जाण्याआधी काठीनं तळ बघायचा. वेल दिसली की फिरायचं. इतकं कंटाळवाणं ट्रेनिंग सैन्यानंही मला दिलं नाही.

भागी आज पणजी आहे. अजून मला कॅप्टन म्हणते, आणि माझ्या पेन्शनचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

तीन पावसाळ्यांनंतर वैनगंगेला पूर आला. शेतांत अडकलेली माणसं कौसल्याबाई डोंग्यातून आणत होत्या. शेवटच्या फेरीला एक म्हातारा आणि त्याची सून होती. डोंग्यात तिसऱ्याला जागा नव्हती. बाई पाण्यात उतरल्या आणि एका हातानं टोक धरून डोंगा ढकलत राहिल्या. डोंगा काठाला लागला तेव्हा टोकावर हात नव्हता. मला नागपूरच्या शाळेत मामाचं पोस्टकार्ड आलं. त्यात चारच ओळी होत्या.

पुढे नोकरीत शहिदांसाठी दोन मिनिटं उभं राहायचा प्रसंग दरवर्षी येई. यादीतली नावं वाचून झाली की मी मनात आणखी एक नाव घेई. त्याला नंबर नव्हता. रँक मीच दिली, सुभेदार. कौसल्याबाईंनी विचारलं असतं, "सुभेदार म्हंजे कोन वं?" आणि माझं उत्तर न ऐकताच डोंगा पाण्यात ढकलला असता.