सुभद्राबाईंच्या परसातले बुलबुल

चांदूर रेल्वेहून अमरावतीला मुलींच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला आधी सुभद्राबाईंकडे पाठवले. बाई सृष्टिविज्ञान शिकवीत आणि गावाच्या कडेला, पेरूच्या बागेला लागून, दोन खोल्यांत एकट्या राहत. परसदारी गेले तर बाई दाराआड बसलेल्या, हातात दोरा. दोऱ्याचे दुसरे टोक स्टुलावरच्या पेटीकॅमेऱ्याच्या खटक्याला बांधलेले, आणि समोर खांबावर ज्वारी घातलेली मातीची परळ. माझ्या चाहुलीने परळीवरचे होले उडाले. सारी सकाळ वाया गेली होती. "या, चहा घ्या. ते येतील पुन्हा," एवढेच बाई म्हणाल्या.

आज त्याच बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत.

बाई मूळच्या अकोल्याच्या. लहानपणीच वैधव्य आले. वकील भावाने शिकवले, आणि नोकरी लागली तेव्हा कॅमेराही त्यानेच दिला. बाईंनी काढलेली पाखरांची छायाचित्रे वर्गात हातोहात फिरत. एकदा सुगरणीच्या छायाचित्रावर एका मुलीच्या हातून शाई सांडली. ती रडू लागली. बाईंनी ते पुसले आणि तिच्याच हाती दिले. "आता हे तुझं. नीट ठेव."

मला मुदतीचा ताप आला तेव्हा बाईंनी मला घरी नेऊन ठेवले. माझी बाज खिडकीशी लावली. परळीत पेरूची फोड ठेवली की बुलबुलांची एक जोडी येई. शाळेतून आल्यावर बाई विचारीत, "आज कोण आलं होतं?" त्यांना सांगायचे म्हणून मी डोळे उघडे ठेवीत असे.

मग लढाईच्या दिवसांतला तो हिवाळा आला. परळीवर राघूंचे थवे उतरू लागले आणि तिथून शेजारच्या बागेत शिरू लागले. बाग सखाराम माळ्याची. त्याची बायको गिरजाबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाई, तुमी त्यायले खाऊ घालून राहिल्या, अन् आमचा बहार जाऊन राहिला. आमी काय विकाव?"

बाईंनी दाणे कमी केले, फोडी ठेवणे बंद केले. राघू हटले नाहीत. शेवटी सखारामाने पेरूच्या फोडींना विष लावून त्या कुंपणावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा निरोप आला म्हणून मी गेले. परसात साळुंक्या पडल्या होत्या. बुलबुलांची जोडी खांबाखाली होती. राघू मात्र एखाददुसराच. बाईंनी कॅमेरा आणून त्या जोडीचे छायाचित्र घेतले. मी म्हटले, "बाई, हे कशाला?"

"जिवंत होते तेव्हा हौसेनं काढले. आता तोंड फिरवू?"

शाळेत सर्वांचे मत पडले की तक्रार करावी. बाई मात्र माझ्यासह सखारामाच्या दारी गेल्या. तो खाली मान घालून उभा राहिला. "मले राघू मारायचे होते, बाई. हे गरीब जीव मरतीन, असं वाटलं नोतं."

"त्यांना रोज बोलावलं मी, सखाराम," बाई म्हणाल्या. "तुमच्या बागेचा विचार मी आधी करायला हवा होता."

त्याच दिवशी बाईंनी परळ उतरवली. खांबही काढला. त्यानंतर त्यांनी एकही छायाचित्र घेतलेले नाही. कॅमेरा शाळेला दिला, पण मुली तो घेऊन बाहेर निघाल्या की बाई वर्गातच थांबतात. सखारामाकडचे पेरू त्या आजही घेतात. गिरजाबाईच्या मुलीला शाळेत त्यांनीच घातले. मात्र परसाकडचे दार बहुधा बंद असते.

या गौरव अंकात बाईंची निवडक छायाचित्रे छापावीत, असे सत्कार समितीने ठरवले. बाईंनी अट घातली की त्यांत ते शेवटचेही हवे. काहींना ते अशुभ वाटले. मी बाईंची समजूत घालायला गेले. त्या म्हणाल्या, "नुसतं चांगलं छापणार असाल तर माझा सत्कारच नको." समितीने ऐकले. ते छायाचित्र या लेखासोबत आहे.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. माझे मागणे थोडे अधिक आहे: ते आयुष्य त्यांना स्वतःलाही हवेसे वाटो.